कात्री अलीकडे, इस्त्री पलीकडे

आमच्या गल्लीत मास्तर म्हटलं की तो शाळेतला नव्हे. शाळेतल्याला आम्ही सर म्हणतो, त्याला तेवढं पुरतं. मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. गल्लीच्या तोंडाशी, हमरस्त्यावर उघडणारं त्याचं दुकान. कापड घासून घासून कडा गुळगुळीत झालेलं एक लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे नमुने, आणि हातांची एक लाकडी खुर्ची. त्या खुर्चीत गिऱ्हाइकानं बसायचं नाही. ती अध्यक्षाची. गल्लीची कमिटी झाली तेव्हापासून अध्यक्ष मास्तरच आहे आणि खुर्चीही त्याच्याच घरची आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी बदलायचं कोणी मनावर घेतलं नाही.

माणसाच्या तोंडाकडे मास्तर बघत नाही, खांद्याकडे बघतो. नावं त्याला आठवत नाहीत, कंबरा आठवतात. "तो चौतीसवाला येऊन गेला," असं सांगतो आणि आपण ओळखायचं. पट्टी न लावता खडूनं रेघ मारतो आणि ती सरळ येते. हे तो स्वतःच सांगतो, म्हणून वेगळं कौतुक करायची वेळ कोणावर येत नाही.

गल्लीचं काम असं चालतं. तोंडाशी मास्तर कापतो. कापलेले गठ्ठे आत येतात, मशीनवाले शिवतात. गल्लीच्या मध्यावर, विजेच्या खांबाला लागून माझी खोली. तिथं मी कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून ओव्हरलॉक मारते. मग खालच्या टोकाला काजबटणवाल्या बायका. बटण लागलं की पँट पुन्हा वर येते, हमरस्ता ओलांडते आणि समोरच्या दुकानात इस्त्रीला जाते. समोरचं दुकान मास्तरच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. त्याला सगळे धाकटाच म्हणतात, जरी आता त्याच्याही मिश्या पांढऱ्या झाल्या.

बाप गेला तेव्हा थोरल्याला कात्री मिळाली आणि धाकट्याला इस्त्री. धाकट्याला ते लागलं. "कापणारा तो मास्तर आणि मी काय, सुरकुत्या काढणारा?" तरी काही वर्षं एकाच दुकानात निभावलं. मग एका बँकेच्या मॅनेजरचा कोट आला, निवृत्तीच्या समारंभासाठी. मॅनेजरनं घातला तर बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. मास्तर म्हणाला, इस्त्रीनं आकसला. धाकटा म्हणाला, कापतानाच तोकडा कापला. मॅनेजर बिचारा हात पाठीमागे धरून भाषण ऐकत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं इस्त्री उचलली आणि रस्ता ओलांडला. त्या दिवसापासून दोघं बोलत नाहीत. कपडे मात्र रोज इकडून तिकडे जातात. धाकट्याला टोमणा मारायचा असला की तो पँटीला दोन घड्या पाडतो. मास्तरला उत्तर द्यायचं असलं की तो जाड कापड भर दुपारी पाठवतो.

कमिटी काढली तेव्हा मास्तरनं एक नियम घालून घेतला. अध्यक्ष व्हायचं तर माणूस गल्लीच्या मतदारसंघातला मतदार पाहिजे. वर शेपूट म्हणून जोडलं की ज्याचं नाव पुढे येईल तो सभेला हजर पाहिजे, गैरहजर माणसाची निवडणूक नाही. हे सगळं कोणासाठी होतं ते शेंबडं पोरसुद्धा ओळखेल. कारण मतदारसंघाची हद्द हमरस्त्याच्या मधोमध होती. गल्ली अलीकडच्या मतदारसंघात, धाकटा पलीकडच्या. भावाला खुर्चीपासून लांब ठेवायला मास्तरनं थेट सरकारी रेघ वापरली. माझ्या डोक्यात तेव्हा तिडीक गेली होती. पण मतं घेतली तेव्हा मी एकटी पडले, आणि एकटीचं मत म्हणजे नुसता घसा कोरडा.

आता रेघेचं जरा सांगते, कारण साहेब लोक सांगत नाहीत. हद्द आखायचे नियम असतात. प्रत्येक मतदारसंघात माणसं साधारण सारखी पाहिजेत. अगदी मोजून नाही, शिवणीत माया ठेवतात तशी थोडी कमीजास्त चालतात. मतदारसंघ सलग पाहिजे, मध्ये दुसऱ्याचा तुकडा घुसता कामा नये. एका वस्तीचे दोन तुकडे होता होईतो करू नयेत, ज्यांचं कामधंद्याचं हित एक त्यांना एकत्र ठेवावं. आणि हद्द शक्यतो ठळक दिसणारी असावी, म्हणजे ओढा, रूळ, मोठा रस्ता. कागदावर हे सगळं चांगलंच आहे. पण हमरस्त्याची हद्द केली की तो रस्ता कोणाचाच राहत नाही, हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही.

आमच्या रस्त्यावर ट्रक, बसगाड्या यांचा लोंढा सुटलेला असतो. ओलांडायला पट्टे नाहीत, सिग्नल नाही. खालच्या टोकाची एक काजवाली मावशी पँटींचा गठ्ठा घेऊन समोर निघाली आणि दुचाकीनं तिला उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. ती आता बसून काम करते, उठायला दोघी लागतात. मी अलीकडच्या आमदाराकडे गेले. तो म्हणाला, पडली ती पलीकडच्या अर्ध्यात. पलीकडच्याकडे गेले. तो म्हणाला, निघाली होती अलीकडून. मी म्हटलं, "साहेब, मग बाई पडली ती हवेत पडली का?" त्यानं माझ्यासाठी पाणी मागवलं. या लोकांना वाटतं, तहान लागली म्हणून बाई ओरडते.

तर यंदा नव्या हद्दींचा कच्चा नकाशा लागला. मागच्या बाजूला इमारती झाल्यामुळे अलीकडच्या मतदारसंघात माणसं फार वाढली होती, मायेच्याही बाहेर. म्हणून हमरस्त्यावरची रेघ आत सरकवली आणि गल्लीत घुसवली. कुठपर्यंत? तर माझ्या दारातल्या खांबापर्यंत. खांबाच्या वरची गल्ली, म्हणजे कात्री आणि मशीनं, पलीकडच्या मतदारसंघात. खांबाच्या खालची, म्हणजे काजबटणं, अलीकडच्या. एका पँटीची कंबर एका आमदाराची आणि बटण दुसऱ्याचं.

मी नकाशाची प्रत घेऊन मास्तरच्या दुकानात गेले. तो टेबलावर वाकून खाकी कापड कापत होता. वहिनी, म्हणजे त्याची बायको, मागे स्टुलावर बसून जुने दोरे उसवत होती.

"मास्तर, गल्ली फाडली," मी म्हटलं.

"कोणी?"

"सरकारनं. बघा."

त्यानं नकाशा टेबलावर पसरला, टेपनं उगाच मोजल्यासारखं केलं आणि एकदम थांबला. "म्हणजे मी त्याच्यात?"

"त्याच्यात म्हणजे पलीकडच्या मतदारसंघात. हो."

"त्याच्यात," मास्तर पुन्हा म्हणाला. गल्लीचे दोन तुकडे झाल्याचं त्याला काही नव्हतं, धाकटा आणि तो एका तुकड्यात आल्याचं होतं. खुर्चीकडे त्यानं एकदा बघितलंसुद्धा.

"ऐका," मी म्हटलं, "सोपी वाट आहे. आपण हरकत घालू की गल्ली तोडू नका, अख्खी पलीकडे घाला. तिकडे माणसं कमी आहेत, जागा आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजू एका आमदाराच्या हातात येतील. मग त्याला सांगता येणार नाही की अर्धा रस्ता माझा नाही. पट्टे, सिग्नल, सगळं एका मानगुटीवर बसून मागता येईल."

"नाही. अख्खी गल्ली अलीकडे. पूर्वी होती तशी."

"अलीकडे जागा नाही मास्तर. उतू जातंय."

"ताई, कापड कमी असलं तरी मी कोट काढतो."

"हो, तोकड्या बाह्यांचा," मागून वहिनी म्हणाल्या. दोरा ओढता ओढताच.

मास्तरनं कात्री टेबलावर ठेवली. "तुला कोणी विचारलं?"

"मला कधी विचारलंय? पण त्या काजवालीला उठवायला मी जाते रोज. तुमचा नियम जात नाही."

मास्तरनं कात्री पुन्हा उचलली आणि खाकी कापायला लागला. दुसऱ्या दिवशी कमिटीत त्यानं ठराव करून घेतला की गल्ली एकसंध ठेवून अलीकडच्याच मतदारसंघात घालावी. कारण काय लिहायचं, यावर मात्र त्याचं माझ्याशी पटलं. एक गल्ली, एक धंदा. माझ्या मते ठरावाचा अर्धा भाग सोन्याचा होता आणि अर्धा मास्तरच्या नाकाचा. अर्ध्या सोन्यासाठी मी हरकत लिहून दिली. त्याच सुमाराला कळलं की समोरून धाकट्यानंही हरकत घातलीय. गल्लीचं वरचं टोक आमच्यात घालू नये, ते लोक भांडखोर आहेत, असं त्याचं म्हणणं. आयुष्यात पहिल्यांदा दोघा भावांनी एकच गोष्ट मागितली होती.

सुनावणी सरकारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा, भिंतीवर भलामोठा नकाशा, त्याचा एक कोपरा टाचणी निसटून गुंडाळलेला. अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. हातात रुमाल, नाक लाल, पण कान शाबूत. आमच्याआधी एका गृहस्थाचा नंबर होता. त्याचा बंगला गरीब वस्तीबरोबर गेला होता आणि त्याला तो तळ्याकाठच्या लोकांबरोबर हवा होता.

"तळं तुमच्यापासून किती लांब?" बाईंनी विचारलं.

"गच्चीवरून दिसतं."

"मला इथून डोंगर दिसतो. बसा."

मी मनातल्या मनात म्हटलं, ही बाई कामाची आहे.

मग मास्तर उठला. अंगात इस्त्रीचा कडक शर्ट, गळ्यात टेप तशीच राहिलेली. उजवीकडे दोन रांगा सोडून धाकटा बसला होता. त्याची पँट मास्तरनं कापलेली, मास्तरचा शर्ट धाकट्यानं इस्त्री केलेला. दोघांचे कपडे इकडून तिकडे पोचवणाऱ्या वहिनी माझ्या शेजारी बसून नकाशा बघत होत्या, जणू त्या गावच्याच नाहीत.

आणि खोटं कशाला बोलू, मास्तर बोलला झकास. मी घोकून घेतलेलं त्यानं बाजूला ठेवलं आणि हातानं हवेत पँट काढली. "बाईसाहेब, ही पँट समजा. ही कंबर, ती मी कापतो. इथं पाय, ते मधल्या घरात शिवतात. ही कड, तिला ह्या ताई ओव्हरलॉक मारतात. ही काजं, ती खालच्या टोकाला. आता तुमची रेघ जाते इथून," आणि त्यानं गुडघ्यावर हात आडवा मारला. "अशी पँट कोण घालील? जिथनं कापड निघतं तिथपासून जिथं ते पुरं होतं तिथपर्यंत आमची गल्ली एक आहे. कापड जाईल तिथवर आमची हद्द. ह्याला तुमच्या नियमात हित म्हणतात ना, तेच आमचं हित."

मागून कोणीतरी टाळी वाजवली. बाईंनी ती ऐकली नसल्यासारखं केलं, काहीतरी टिपून घेतलं आणि नाक पुसलं.

"पटलं," त्या म्हणाल्या. "गल्ली तोडायला नको होती."

मास्तरनं मान ताठ केली. धाकट्यानंही केली, कारण त्याचंही काम झालं असं त्याला वाटलं.

"फक्त एक विचारते. बटण लागलं की पँट पुरी होते?"

"होय."

"मग तुमच्या शर्टाला इस्त्री कोण करतं?"

मास्तरचा हात टेपवर गेला. "इस्त्री म्हणजे... ते बाहेरचं काम."

"कपडा इस्त्री न करता देता गिऱ्हाइकाला?"

"तसं नाही. पण ते..."

"कुठे होते इस्त्री?"

मास्तरनं वर बघितलं, खाली बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. मला उत्तर देता आलं असतं, पण काही उत्तरं घरच्या माणसाच्याच तोंडून शोभतात.

"समोर," वहिनी म्हणाल्या.

"समोर म्हणजे?"

"रस्ता ओलांडून. माझ्या दिराकडे. हे काय, बसलेत."

बाईंनी रुमाल खाली ठेवला, मास्तरकडे बघितलं आणि धाकट्याकडे बघितलं. तेच कपाळ, तेच नाक, नाकावरचा तोच राग. धाकटा लगबगीनं उभा राहिला. "बाईसाहेब, माझी हरकत वेगळी आहे. ह्यांचा आमचा काही संबंध नाही."

"तुमच्याकडे इस्त्रीला कोणाचे कपडे येतात?"

"गिऱ्हाइकांचे."

"गिऱ्हाइकांकडे कोणाकडून येतात?"

धाकटा खाली बसला. बाई उठून नकाशाशी गेल्या, गुंडाळलेला कोपरा सरळ करून त्यांनी टाचणी लावली. मग सांगितलं की अलीकडे एक घरही जास्त मावत नाही, त्यामुळे अख्खी गल्ली तिकडे ठेवणं शक्य नाही. पलीकडे मात्र जागा आहे. "कापड जाईल तिथवर हद्द, हे अर्जदारांचंच म्हणणं आहे. ते मी तसंच लिहून घेतलंय."

बाहेर जिन्यात मास्तर वहिनींना म्हणाला, "तुला तोंड उघडायची काय गरज होती?"

"तुम्ही इतकं छान सांगत होतात," वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं, एवढ्यासाठी का अपुरं ठेवायचं."

अंतिम आदेश आला तेव्हा मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. अर्जदारांची हरकत मान्य. वस्ती एकसंध ठेवावी. व्यावसायिक हित समोरच्या बाजूसही असल्याचं सुनावणीत स्पष्ट झाल्यामुळे गल्ली पूर्ण पलीकडच्या मतदारसंघात समाविष्ट. मास्तर जिंकला होता. अख्ख्या शहरात ज्या मोजक्या हरकती मान्य झाल्या त्यात त्याची एक होती, आणि लोक त्याचं अभिनंदन करायला येत होते. तो प्रत्येकाला पाहुण्याच्या स्टुलावर बसवत होता आणि चहा न विचारता परत पाठवत होता.

पुढची गोष्ट व्हायचीच होती. कमिटीची निवडणूक जवळ आली आणि काजबटणवाल्यांनी धाकट्याचं नाव पुढे केलं. नियमात बसत होतं. अध्यक्ष गल्लीच्या मतदारसंघातला पाहिजे, तर धाकटा आता होता. मास्तरनं नियम उलटासुलटा करून पाहिला, शिवणी उसवल्यासारखा. कुठेही वाव नव्हता. त्यानंच घट्ट शिवला होता.

सभा मास्तरच्या दुकानात, संध्याकाळी, रस्ता सगळ्यात भरलेला असतो त्या वेळी. सगळे जमले. खुब्याचं हाड मोडलेल्या मावशीला दोघींनी धरून आणून टेकवलं. फक्त धाकटा नव्हता.

मी दारात जाऊन बघितलं. तो समोरच्या फुटपाथवर उभा होता. स्वतःच इस्त्री केलेला शर्ट, केस बसवलेले. एक पाय खाली टाकायचा, बस यायची, पाय वर घ्यायचा. पुन्हा टाकायचा, ट्रक यायचा. इतकी वर्षं दुसऱ्यांनी त्याच्याकडे कपडे आणले, इस्त्री घेऊन गेला त्यानंतर त्यानं स्वतः हा रस्ता ओलांडलाच नव्हता. सवय नव्हती.

"येत नाही वाटतं," एक मशीनवाला म्हणाला. "मास्तर, गैरहजर माणसाची निवडणूक नाही ना? मग झालं. तुम्हीच."

सगळ्यांनी मास्तरकडे बघितलं. खुर्ची त्याच्या ढुंगणाखाली होती आणि त्याला फक्त हो म्हणायचं होतं. मी तोंड उघडणार होते, चांगले चार शब्द सुनावणार होते. तेवढ्यात वहिनींनी माझ्या हाताला चिमटा काढला.

मास्तर उठला, दाराशी आला आणि डोळे बारीक करून समोर बघितलं. चाळीस कंबर, अठरा खांदा, असं काहीतरी पुटपुटला. मग गळ्यातली टेप काढून हातात गुंडाळली आणि सरळ रस्त्यात उतरला. हात वर. एक बस करकचून थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, "मरायचंय का आजोबा?"

"कमिटीची सभा आहे," मास्तर त्याला म्हणाला. "थांब जरा."

भोंगे वाजत राहिले. टेप लोंबकळणारा हात वर धरून मास्तर मधोमध उभा, जिथून कधीकाळी हद्द जायची तिथं. धाकटा आला. त्याच्या शेजारून जाताना जरा रेंगाळला.

"उशीर झाला," धाकटा म्हणाला. भावाशी इतक्या वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य.

"चल पुढे. तू नसलास तर तुझं नाव नियमात बसत नाही."

एवढंच. डोळ्यांत पाणी वगैरे कोणाच्या आलं नाही, भोंग्यांच्या त्या गोंगाटात यायला सवडही नव्हती.

निवडणूक मास्तरच जिंकला. रस्त्यात उतरताना त्याला सगळ्यांनी बघितलं होतं, हातात टेप घेऊन बस अडवणाऱ्याला पाडायचं कसं? काजबटणवाल्यांचीही मतं फुटली. धाकटा म्हणाला, हे मुद्दाम केलं. मास्तर म्हणाला, मुद्दाम केलं नाही, पण केलं असतं. त्यावरून जुंपली ती कोटाच्या बाह्यांपर्यंत पोचली, आणि मॅनेजर वारून जमाना झाला तरी त्याच्या बाह्या त्या दिवशी पुन्हा मोजल्या गेल्या. पहिला ठराव मात्र धाकट्यानं मांडला आणि मास्तरनं त्याला अनुमोदन दिलं. रस्ता ओलांडायला पट्टे आणि सिग्नल. पत्र एकाच आमदाराला जायचं होतं. तो म्हणाला, बघतो. आम्ही त्याला बघण्याव्यतिरिक्त काही सुचू दिलं नाही. मी, मावशी आणि तिला धरणाऱ्या दोघी त्याच्या दारात जाऊन बसत होतो. पाणी त्यानं पाजलं, आम्ही प्यायलो आणि बसून राहिलो.

सिग्नल अजून यायचाय. पट्टे आले. पांढरे, रुंद, मास्तरच्या दारापासून धाकट्याच्या दारापर्यंत. रंग वाळायच्या आत मास्तर ते बघून आला आणि माझ्या खोलीशी येऊन उभा राहिला. मी मशीन थांबवलं.

"ताई, पट्टे तिरके मारलेत."

"मास्तर, त्यावरून पलीकडे जाता येतं ना?"

"येतं. पण तिरकं जावं लागतं. समोरचाही तेच म्हणतोय."

मग काय करणार. हरकत लिहून दिली. खाली दोघांच्या सह्या आहेत.